दाराखालून येणारी पानं

प्रिय भुंग्या,

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कुणी भुंग्या म्हणत नाही, एवढं मला कळतं. पण तुझं खरं नाव लिहून पाहिलं तर पत्र एखाद्या कचेरीतल्या नोटिशीसारखं दिसायला लागलं, म्हणून खोडलं. शिवाय लहानपणी काम करताना तू जसा गुणगुणायचास तसा अजूनही गुणगुणतोस, आणि ते या प्लायवूडच्या पार्टिशनमधून मला रोज ऐकू येतं. एका घराचे दोन भाग, मध्ये एक दार, दाराला दोन्हीकडून कडी, आणि चार वर्षांत आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. इतक्या जवळच्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे माझं मलाच हसू येतं. पण तोंडाने सुरुवात करायची म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि टायपिंग हा निदान माझा धंदा आहे. आई गेली तेव्हा तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं मी दिलेलं उत्तर मला दुरुस्त करायचंय. दमलेल्या माणसाने खरं तर जवळचा रस्ता धरावा, पण मी लांबूनच येणार आहे. सांभाळून घे.

आधी बातमी. माझा कम्प्युटर गेला. तूच बसवून दिलेला, बारा वर्षं रडतखडत का होईना चाललेला. एका दुपारी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण टाइप करत होतो, तर पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळलाच नाही. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंनी तो उघडून आत फुंकर मारली आणि नुसती मान हलवली. मग त्यांच्याकडूनच दुसरा एक जुना घेतला. त्यात चालवायला लिनक्स ही प्रणालीच हवी, असा हट्ट धरून बसलो, कारण मला दुसरं काही येत नाही. तू घरातल्या तिन्ही कम्प्युटरांवर, तुझ्या, माझ्या आणि आईच्या, लिनक्स चढवलंस तेव्हा मी किती कुरकुर केली होती, आठवतं? तू म्हणाला होतास, "दादा, म्हाताऱ्या मशीनला हे झेपतं. वर काही लपवतही नाही." आई तर आठवड्याभरात त्यावर पत्त्यांचा डाव लावायला शिकली. मला एक कागद छापायला महिना लागला.

प्रिंटर एकच होता. तो आईच्या कम्प्युटरला जोडलेला, आणि आईच्या मशीनने तो नेटवर्कवरून आपल्या दोघांनाही वापरू द्यायचा, अशी तू व्यवस्था लावलीस. मी माझ्या खोलीत बटण दाबायचं आणि पान आईच्या खोलीत निघायचं. आई पानं मोजायची, जुळवायची, टाचायची आणि आपण कारखानाच चालवतोय अशा थाटात मला बोलावणं धाडायची. पुढे आई गेली आणि पार्टिशन आलं. आईची खोली तुझ्या बाजूला गेली, आणि तिच्याबरोबर तिचं मशीन आणि प्रिंटरही. दार बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी सवयीने छापायचं बटण दाबलं, आणि दाबल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पलीकडे प्रिंटर घरघरायला लागला. चोरी पकडली गेल्यासारखा मी खुर्चीत बसून राहिलो. आता हा दार ठोकून माझी लाज काढणार, नाहीतर कागदाचे तुकडे करणार, असं वाटलं. पाच मिनिटांनी दाराखालच्या फटीतून तीन पानं सरकत आली. सुलट, क्रमाने, टाचलेली.

तेव्हापासून हेच चाललंय. मी कोऱ्या कागदांचे वीस-वीसचे थर त्याच फटीतून तुझ्याकडे ढकलायचे आणि तू छापलेली पानं माझ्याकडे सरकवायची. चार वर्षांत माझं एक पान हरवलं नाही. छपाई फिकट झाली की दुसऱ्या दिवशी आपोआप गडद व्हायची. एकदा एका गृहस्थांच्या बदलीच्या अर्जामागे तुझ्या लेकीने, चिमणीने, मांजर काढून पाठवलं होतं. अर्ज मी पुन्हा छापला, मांजर ठेवून दिलंय. तुझी वहिनी म्हणायची, "एवढी पानं देता-घेता, तर त्यात एखादी चिठ्ठी घालायला काय जातं?" मी म्हणायचो, "धंद्याची पानं आहेत ती, त्यात घरगुती काही नको." काय पण अक्कल!

तर नवा कम्प्युटर आला आणि त्याला तुझा प्रिंटर जोडायची वेळ आली. पूर्वी हे सगळं तू करायचास. माझ्याकडे होती ती तुझी निळी वही, मला शिकवून शिकवून तुझा घसा बसला तेव्हा तू लिहून दिलेली. 'दादासाठी छपाई', आणि खाली पायऱ्या. पहिलीच पायरी, 'चष्मा लाव.' दुसरी, 'घाबरू नकोस, तुझ्या हातून काही मोडणार नाही.' तिथून पुढे सेटिंग उघड, प्रिंटर या शब्दावर जा, 'नवा जोडा' दाब, असं बोट धरून चालवलंयस. पाच पायऱ्या मी झोकात चढलो. सहाव्या पायरीवर तू लिहिलंयस, 'यादीत आईचा प्रिंटर दिसेल. दिसला नाही तर मला हाक मार.' माझ्या यादीत काही दिसेना. गोल गोल फिरणारं चिन्ह आणि 'शोध चालू आहे'. मी चष्मा पुसून पाहिलं, कम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, वही पहिल्यापासून वाचली. सातवी पायरी नव्हतीच. आणि सहावी करायची म्हणजे या दाराशी उभं राहून तुला हाक मारायची. ते काही मला जमलं नाही.

अकरा दिवस असे गेले. या अकरा दिवसांत मी काय समजलो, ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. वहीच्या शेवटच्या पानावर तू लिहिलंयस की आईच्या मशीनवर 'हा प्रिंटर इतरांना वापरू द्या' अशी एक चौकट आहे, तिच्यात खूण असली तरच बाकीच्यांना तो दिसतो. मी समजलो की तू ती खूण काढून टाकलीस. माझा कम्प्युटर मेला हे तुला कळलं असणार, संधी साधून तू मला तोडलंस. तुझ्या वहिनीपुढे मी तुला नाही नाही ते बोललो. खुनशी म्हणालो. मनात धरून बसणारा म्हणालो. ती म्हणाली, "मग रोज सकाळी नऊला आईंचं मशीन चालू होतं, ते कशाला?" तो पंखा मलाही ऐकू यायचा. तुझी स्वतःची पानं तू कामावर छापतोस, हेही मला माहीत होतं. पण माणसाला रागच करायचा असला की कान काय उपयोगाचे? मी म्हणालो, मला चिडवायलाच ते चालू करत असेल.

मधल्या काळात पेनड्राइव्ह घेऊन गल्लीच्या टोकाच्या झेरॉक्सच्या दुकानात जात होतो. तिथल्या मशीनवर माझ्या फाइली उघडल्या की समास हलायचे, तक्ते फुटायचे. विद्यार्थिनीचं तिसरं प्रकरण चार वेळा छापलं. ऊन, जिने, परत ऊन. गुडघे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. दुकानदार मला काका म्हणतो आणि मी आलो की पंखा माझ्याकडे वळवतो, यावरून मी कसा दिसत असेन ते समज. एकदा घरी येऊन खुर्चीत बसलो आणि मला वाटलं, आता पुरे. टायपिंग पुरे, भांडण पुरे, हे घरही पुरे. कुठेतरी एका खोलीत जाऊन राहावं आणि कुणाला काही छापून देऊ नये.

सहाव्या दिवशी एक गोष्ट घडली, ती तुलाही माहीत आहे. दुपारी मी टेबलाशी बसलो होतो. पलीकडे तुझं गुणगुणणं चालू होतं, ते दाराजवळ आलं आणि थांबलं. दाराखालच्या फटीत तुझे दोन पाय दिसले. तू तिथे उभा राहिलास, मिनिटभर तरी. इतक्या दिवसांत माझं एकही पान का आलं नाही, हे पाहायला तू आला होतास, हे आज मला कळतंय. त्या वेळी वाटलं, माझी जिरली की नाही ते ऐकायला आलाय. मी टाइप करणं थांबवलं. मग पाय गेले. गुणगुणणं मात्र त्या दिवशी पुन्हा सुरू झालं नाही.

गुंता सोडवला तो तुझ्या वहिनीने. काल ती तिचा मोबाइल घेऊन माझ्या शेजारी बसली होती. माझ्या पडद्याकडे पाहून म्हणाली, "माझ्याकडे वायफायचं नाव 'घर' दिसतंय. तुमच्याकडे 'पाहुणे' का?" मी म्हटलं, काय फरक पडतो, इंटरनेट तर चालतंय. पण बोलता बोलता माझी नजर वर गेली. पार्टिशनच्या माथ्यावर तू जो राउटर ठेवलायस, त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी तू एक कागद चिकटवलायस, 'पाहुणे' आणि त्याचा पासवर्ड. नवा कम्प्युटर आणला त्या दिवशी मी तोच पाहून भरला होता. 'घर'चा पासवर्ड मला कधी लागलाच नव्हता, तो तूच भरून ठेवायचास. आणि वही उघडून पाहिलं तर चौथ्या पायरीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'पाहुण्यांच्या जाळ्यातून घरातली मशीनं एकमेकांना दिसत नाहीत, मुद्दाम तसं ठेवलंय.' बारीक अक्षर मी वाचत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं. वहिनी हसून हसून पडायची बाकी राहिली. म्हणाली, "अकरा दिवस स्वतःच्याच घरात पाहुणे होऊन बसलात, आणि शिव्या भावोजींना."

मग 'घर'चा पासवर्ड शोधणं आलं. तुला विचारणं हा सोपा मार्ग होता, म्हणून तो सोडून बाकी सगळं केलं. चिमणीचं जन्मवर्ष, तुझ्या पहिल्या स्कूटरचा नंबर, आपलं आडनाव उलटं, सुलटं. शेवटी वहिनीच म्हणाली, "भावोजींनी तो कुणाच्या लक्षात राहावा म्हणून ठेवला असेल?" आईच्या. तिला एकच आकडा पाठ होता, आपल्या जुन्या फोनचा. हरवलात तर हा सांगायचा, असं म्हणून तिने तो आपल्याकडूनही घोकून घेतला होता. मी ते सहा आकडे भरले, तर मशीन म्हणालं, कमी पडतात. मग आठवलं, आई कुणालाही नंबर सांगताना दोनदा सांगायची, समोरच्याने लिहून घेतला असला तरी. दोनदा भरला. लागला. चार वर्षांत तू तो बदलला नाहीस.

यादी उघडली आणि पापणी लवायच्या आत आईचा प्रिंटर तिथे हजर. खूण काढलेली नव्हतीच. जुन्या कम्प्युटरवर तो तूच जोडला होतास, त्यामुळे मी त्याची माहिती कधी उघडून बघितली नव्हती. या वेळी नव्याने जोडताना ती समोर आली. नाव, आणि त्याखाली 'ठिकाण' म्हणून एक ओळ. तिथे लोक 'हॉल' किंवा 'वरची खोली' असं लिहितात, तूच शिकवलं होतंस. तू लिहिलंयस, 'आईची खोली. दादाची पानं आली की लगेच दाराखालून द्या, थांबवू नका.' मी ते तीनदा वाचलं. दाराखालून, म्हणजे हे पार्टिशननंतर लिहिलेलं. तू घरी नसशील तेव्हा तुझ्या माणसांसाठी. मला ते कधी दिसेल, असं तुझ्या मनातही नसणार. भुंग्या, मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडलो. वहिनी उठून आत गेली, तिला कळतं कधी उठायचं ते.

आता त्या प्रश्नाकडे येतो. तू पोचलास तेव्हा गुरुवारची दुपार होती. दुसऱ्या गावी एका कचेरीत चाळीस कम्प्युटर जोडायला गेला होतास, अवजारांची पिशवी खांद्यावर तशीच होती. आई सकाळीच गेली होती. सगळं आटोपल्यावर तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "दादा, मंगळवारी डॉक्टर काय म्हणाले होते?" मी म्हणालो, "वेळ आहे म्हणाले." ते तुला पटलं नाही, पिशवी उचलून तू आत निघून गेलास. महिन्याभराने पार्टिशन घालायला सुतार आला.

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मंगळवारी सकाळी त्यांनी मला बाहेर बोलावलं, मान हलवली आणि म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना आजच बोलवा. तासाभरात तुझा फोन आला. तू विचारलंस, निघू का? आणि मी म्हणालो, घाई नको, काम उरकून ये. हे वाक्य मी चार वर्षं रोज ऐकतोय. का बोललो ते सांगतो. तीन महिने तिचं सगळं मी आणि वहिनी करत होतो, आणि डोळे उघडले की ती विचारायची, भुंगा आला का? जन्मभर तेच. तू दोन दिवसांसाठी यायचास आणि घर तुझं व्हायचं. मला वाटलं, हे शेवटचे दोन दिवस तरी ती माझी एकट्याची असू दे. इतकं हलकं मन आहे तुझ्या दादाचं. बुधवारी तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी सांगितलं, निघालाय, वाटेत आहे. तू वाटेत आहेस असं समजूनच ती गेली, आणि तुला वाटलं की तुला कुणी बोलावलंच नाही. दोघांशीही मी खोटं बोललो. तुझा राग वाजवी होता. मी खुनशी म्हणालो तो तू नव्हतास.

प्रिंटर जोडून झाला की मशीन विचारतं, चाचणीचं पान छापू का? ते बटण मी दाबलेलं नाही. चाचणी म्हणून हेच पत्र पाठवतोय, आणि त्यासाठीच ते लिहिलं. उद्या रविवार, तू घरी असशील. नऊला आईच्या मशीनचा पंखा लागला की मी छापायला सोडीन, म्हणजे ही पानं तिच्याच खोलीत निघतील. पहिल्या पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात 'भुंग्याने स्वतः वाचायचं' असं टाकतोय, म्हणजे चिमणीच्या हाती पडायचं नाही. वाचून तू ती फाडलीस तरी मला बोलायला तोंड नाही. फक्त तुझी रोजची रीत एवढी एकदा मोड, ही पानं दाराखालून परत सरकवू नकोस. माझ्या बाजूची कडी मी काढून ठेवली आहे. वहीत तू लिहिलेली सहावी पायरी माझ्याकडून करायची राहिली होती. साडेनऊला मी दाराशी उभा राहून तुला हाक मारणार आहे. ओ द्यायची की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
दादा